पुन्हा करून दाखवा

तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे हमखास ऐकावे लागणारे एक वाक्य आहे: ‘पुन्हा करून दाखवा.’ गाडीचा खडखडाट मेकॅनिकच्या दारात बंद होतो. रात्रभर छळणारी कळ डॉक्टरांसमोर नाहीशी होते. आठवडाभर गळणारे छप्पर गवंडी येतो त्या दिवशी कोरडे असते. तज्ज्ञ खोटारडा म्हणत नाही, सभ्यपणे एवढेच म्हणतो की मला तर काही दिसत नाही. माणूस घरी परततो तेव्हा मूळ दुखणे असतेच, आणि आपल्या साक्षीला किंमत नाही ही जाणीव त्यात नव्याने मिसळलेली असते.

संगणकाच्या व्यवसायात या वाक्याला जवळजवळ कायद्याचा दर्जा आहे. दोष नोंदवणाऱ्याने तो घडवून आणण्याच्या पायऱ्या लिहायच्या. त्या पायऱ्यांनी दोष घडला नाही तर नोंद मिटवायची. या रिवाजात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. हजारो तक्रारी येतात, माणसे मोजकी असतात. पण पायऱ्या लिहिणारा त्याला ज्या पायऱ्या वाटतात त्याच लिहितो. ज्या गोष्टी तो श्वासासारख्या करतो त्या लिहाव्यात हे त्याला सुचणारच नाही. आणि पुष्कळदा दोष नेमका तिथेच दडलेला असतो. हे मला ज्या एका प्रकरणाने शिकवले, त्याची ही हकिकत.

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाले की पळस्पे फाट्याच्या पुढे कोन लागते. तिथूनच सावळे-रसायनीकडे जाणारा रस्ता फुटतो. पूर्वेला प्रबळगडाची भिंत आणि पावसाळ्यात तिच्यावर अडलेले ढग. शेते, गोदामे, धाबे आणि त्यांच्यातून एकदम वर उठलेले इमारतींचे मनोरे, असे आजचे कोन आहे. माझ्या शेजारचे काका रसायनीच्या बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. २००३ साली निवृत्त झाले आणि पुढच्या पावसाळ्यापासून अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजू लागले. साडेआठच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो म्हणून. वहीत तारीख, मिलिमीटर, एखादा शेरा. २६ जुलै २००५ च्या पावसाची नोंद दुसऱ्या सकाळी व्हायची, तिथे आकडा नाही. ‘मापाबाहेर’ एवढाच शब्द आहे.

त्या दिवसाची गोष्ट काका वारंवार काढत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरातली दोन केंद्रे, मध्ये तीस किलोमीटरही अंतर नाही. ‘कुलाब्याच्या माणसाने सांताक्रूझच्या माणसाला खोटं ठरवलं असतं तर?’ असे ते विचारत. तेव्हा मला तो केवळ गप्पांचा विषय वाटे.

आसपासच्या काही गावांतल्या अशा हौशी नोंदी एकत्र करण्याचे काम काही तरुणांच्या गटाने हाती घेतले. त्यांनी पायथन या भाषेसाठी एक छोटे मॉड्यूल बनवले. नोंदींची फाइल एकदा आत घ्यायची, मग कोणत्याही दिवसाचा आकडा मागायचा. वेग हवा म्हणून त्याचा गाभा सी भाषेत लिहिलेला होता. काकांनी सत्तरी ओलांडल्यावर पायथन शिकून घेतले. शिकले म्हणजे कार्यक्रम लिहू लागले असे नव्हे. ते शेल वापरत.

शेल ही काय चीज आहे हे सांगायला हवे. सर्वसाधारण प्रोग्राम म्हणजे लिहून टपालात टाकलेले पत्र. शेल म्हणजे समोरासमोरचे बोलणे. पडद्यावर एक खूण येते, आपण एक ओळ लिहितो, यंत्र तिचे उत्तर छापते आणि पुन्हा खूण दाखवून थांबते. वाचा, मूल्य काढा, छापा, पुन्हा वाचा, ही रीत लिस्प भाषेबरोबर १९६० च्या दशकात रुळली. गिदो व्हान रोसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात आम्सटरडॅमला पायथनचे काम सुरू केले तेव्हा तीच रीत त्यांनी उचलली. काकांच्या दृष्टीने शेल हा एक सोशिक साहाय्यक होता. ते एखाद्या दिवसाचा पाऊस विचारत, आणि यंत्र सांगे.

फक्त कधी कधी यंत्र कोसळे. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ अशी एक ओळ येई आणि शेल बंद पडे. कधी कोसळायचे नाही, पण भलताच आकडा सांगायचे. दिवसभर सुरळीत चाले आणि संध्याकाळी एका तासात तीनदा मरे. काकांनी गटाला कळवले. गटाने त्यांची फाइल मागवली, आपल्या यंत्रावर चालवली आणि सगळे ठीक आहे असे उत्तर पाठवले. दुसऱ्या वेळी यंत्र नवे घ्या असे सुचवले. तिसऱ्या वेळी, काकांच्या नोंदींतच गफलत असावी आणि तूर्त कोनचे आकडे संकलनातून वगळावेत असे ठरले. त्यांच्या पत्रात कुठेही उद्धटपणा नव्हता.

जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली टँडम या कंपनीत असताना, संगणक का बंद पडतात या विषयावर एक अहवाल लिहिला. दोषांचे दोन वर्ग त्याने सांगितले. एक नील्स बोरच्या अणूसारखा ठोस: केव्हाही जा, जागेवर सापडतो. दुसऱ्याला त्याने हायझेनबर्गचे नाव दिले, ‘हायझेनबग’: निरखायला गेले की नाहीसा होणारा. वापरात असलेल्या प्रणालींत उरलेले दोष बहुतेक या दुसऱ्या जातीचे असतात, म्हणून काम पुन्हा करून पाहिले तर सहसा पार पडते, असे त्याचे निरीक्षण होते. बँकेच्या व्यवहाराला हा दिलासा पुरेसा आहे. पण ज्याची वहीच संशयित ठरली आहे त्याला ‘पुन्हा केले तर नीट होते’ या वाक्याचा उपयोग नसतो. उलट तेच वाक्य त्याच्याविरुद्ध पुरावा बनते.

काकांनी मला विचारले तेव्हा मी त्यांची फाइल घरी आणली. मी आयपायथन वापरतो. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली सुरू केलेले हे पायथनचेच अधिक सोयीचे शेल आहे. दोन संध्याकाळी नाना प्रकारे आकडे मागितले. काही झाले नाही. मग गटाचा नमुना मागवला. त्यांची चाचणीची फाइल आणि सर्व दिवस क्रमाने वाचून महिन्याची बेरीज काढणारा त्यांचा प्रोग्राम, दोन्ही चालवले. काही झाले नाही. एकच फाइल, एकच मॉड्यूल, तीन माणसे. आणि यंत्र मरते ते एकाच माणसाच्या हाती.

शेवटी मी एका रविवारी काकांच्या मागे खुर्ची टाकून बसलो. ‘काका, मी इथे नाहीच असं समजा. रोज करता तसंच करा,’ एवढे सांगितले.

त्यांनी अठरा जुलै विचारला: ८६.४. वहीशी ताडून टिचकी केली. एकोणीस विचारला: ४१.२. मग शेलमध्येच बेरीज लिहिली, ८६.४ अधिक ४१.२, उत्तर आले १२७.६. वीस तारीख विचारली: ५३. पुन्हा बेरीज, १२७.६ अधिक ५३; उत्तर १८०.६. आणि मग त्यांनी पुन्हा अठरा जुलै विचारला.

‘हा परत का?’

‘वाचन दोनदा घ्यायचं. लॅबमध्ये तीस वर्षं तसंच केलंय.’

यंत्राने उत्तर दिले: १२७.६. अठरा जुलैला तेवढा पाऊस पडलेला नव्हता. पण तो आकडा कुठून आला हे दिसायला फार हुशारी लागत नव्हती. तो त्याच पडद्यावर, काही ओळी वर होता. ती काकांचीच बेरीज होती. त्यांनी बावीस तारीख विचारली, आणखी एक बेरीज केली, एकोणीस पुन्हा विचारला आणि शेल कोसळले.

ही दोनदा वाचण्याची सवय त्यांनी कोणत्याच पत्रात लिहिलेली नव्हती. मधल्या बेरजाही नाहीत. का लिहावे? ‘मी दात घासून यंत्राशी बसलो’ असे कोणी लिहीत नाही.

आता यामागची यंत्रणा. पायथनमध्ये प्रत्येक आकडा, प्रत्येक शब्द ही स्मृतीतली एक वस्तू असते आणि तिला धरून ठेवणारे किती जण आहेत याची गणती तिच्यावरच लिहिलेली असते. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली सुचवलेली ही पद्धत. नवा धारक आला की गणती एकाने वाढवायची, गेला की एकाने कमी करायची, शून्य झाली की जागा मोकळी. पायथन हे आपोआप करते. पण सी भाषेत मॉड्यूल लिहिताना ही नोंद लिहिणाऱ्याने स्वतः ठेवायची असते. यादीतला आकडा बाहेर देताना गणती एकाने वाढवण्याची एक ओळ लागते. ती ओळ या मॉड्यूलमध्ये नव्हती.

आमच्या बाजूच्या माणसाला हे सातबाऱ्याच्या भाषेत चटकन समजते. जमीन एकाची, नाव त्याचे. त्याने दुसऱ्याला वाटा दिला, दुसरा कसू लागला, पण फेरफार नोंदलाच नाही. कसणारे दोन, कागदावर एक. पुढे दुसऱ्याने आपला वाटा सोडला की दप्तर म्हणते, धारक संपले, जमीन मोकळी. पहिला अजून तिथेच नांगर धरून उभा आहे हे दप्तराला ठाऊकच नसते. कोनच्या मनोऱ्यांमध्ये याच्या उलटचा प्रकार लोकांनी पाहिला. गिरणी कामगारांसाठी डिसेंबर २०१६ मध्ये इथल्या २,४१७ घरांची सोडत निघाली. यादीत नाव लागले, पण किल्ली हातात यायला अनेकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. तिथे नोंद होती, ताबा नव्हता. इथे ताबा होता, नोंद नव्हती. नोंद आणि ताबा यांची फारकत झाली की कोणी तरी बेघर होतो, हे मात्र दोन्हीकडे खरे.

प्रश्न उरतो तो असा, की हे काकांच्याच हाती का घडावे? याचे उत्तर शेलच्या एका सवयीत आहे. पायथनचे शेल छापलेले शेवटचे उत्तर एका खास नावाखाली जपून ठेवते. ते नाव म्हणजे नुसती अधोरेषा, अंडरस्कोर. पुढचे उत्तर आले की जुने सोडून नवे धरते. काकांनी अठरा जुलै विचारला तेव्हा त्या आकड्याला दोघांनी धरले होते, यादीने आणि अधोरेषेने. गणती मात्र एकच. पुढचा प्रश्न येताच अधोरेषेने हात सोडला, गणती शून्य झाली आणि जागा मोकळी म्हणून जाहीर झाली. यादी अजून त्याच जागेकडे बोट दाखवत होती. मोकळ्या झालेल्या घरातले सामान काही लगेच हलत नाही, म्हणून कधी जुनाच आकडा दिसे. कधी त्या जागी काकांच्या बेरजेतला आकडा राहायला येई आणि तोच पाऊस म्हणून समोर ठाके. कधी जागेची अशी मोडतोड झालेली असे की यंत्र तिथे पाऊल टाकताच पडे. तीनही परिणाम एकाच चुकलेल्या ओळीचे होते.

ज्या ओळीवर शेल मरे ती ओळ निर्दोष असे. गुन्हा बऱ्याच ओळी आधी झालेला असे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार संगणकात नित्याचा आहे.

आणि इतरांच्या हाती का घडले नाही? गटाचा प्रोग्राम प्रत्येक दिवस एकदाच वाचत असे. पहिल्या वाचनापर्यंत आकडा शाबूत असतो. नंतर जागा गेली तरी पुन्हा तिकडे कोणी फिरकतच नव्हते. त्यांच्या चाचणीच्या फाइलमध्ये आकडे पूर्णांक होते, बारा, पंचेचाळीस, एकशे दहा असे. पायथन वजा पाचपासून दोनशे छप्पनपर्यंतचे पूर्णांक कायमचे बनवून ठेवते आणि सगळ्यांना तेच वापरायला देते. गावच्या विहिरीसारखे ते सर्वांचे असतात, एका नोंदीच्या चुकीने मोकळे होत नाहीत. काकांचे माप दशांशापर्यंत होते म्हणून प्रत्येक आकडा वेगळी वस्तू होता आणि म्हणून मर्त्य होता. नेमकेपणाची ही शिक्षा! माझे आयपायथन तर शेवटचेच नव्हे, मागची सारी उत्तरे क्रमांक लावून जपते. त्यामुळे एका उत्तराला धरणारे, नोंदलेले हात अनेक होते आणि गणती कधी शून्यावर येतच नव्हती. अधिक स्मरणशक्ती असलेल्या यंत्राने दोष झाकून टाकला होता.

खात्री करणे आवश्यक होते. एखाद्या वस्तूची गणती किती हे सांगणारी सोय पायथनमध्ये आहे. ती वापरताना वस्तू हातात घ्यावी लागते, म्हणून तो हातही गणतीत धरला जातो. यादीतल्या आकड्यासाठी उत्तर निदान दोन यायला हवे. काकांच्या शेलमध्ये नुकत्याच उघडलेल्या फाइलमधल्या एका दिवसाची गणती विचारली, उत्तर आले एक. दोष सिद्ध झाला. आणि त्याच क्षणी तो आकडा मेला, कारण मोजून झाल्यावर यंत्राने आपला हात काढून घेतला आणि नोंदीत नसलेला एक त्यातून वजा झाला. हायझेनबर्गचे नाव त्या जातीला का दिले हे मला इतके स्वच्छ पूर्वी कळले नव्हते.

दुरुस्ती म्हणजे एक ओळ. आकडा बाहेर देण्याआधी गणती वाढवायची. ती ओळ, काकांच्या नऊ पायऱ्या आणि कारणाचे अर्धे पान असे गटाकडे पाठवले. त्यांच्याकडे या वेळी शेल पहिल्याच प्रयत्नात कोसळले. त्यांनी दुरुस्ती स्वीकारली, कोनचे आकडे पुन्हा संकलनात घेतले आणि काकांना मोकळ्या मनाचे पत्र लिहिले.

इथे ही हकिकत संपली असती तर मी ती लिहिली नसती. दुरुस्त मॉड्यूल बसवून देताना मी वही चाळत होतो. मागच्या दोन वर्षांत दोन ठिकाणी काकांनी शाईतल्या आकड्यावर पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती आणि शेजारी दुसरा आकडा लिहिला होता. मी विचारले.

‘यंत्र सारखं वेगळंच सांगत होतं. म्हटलं, माझाच डोळा चुकला असेल. वय झालं.’

वीस वर्षे साडेआठला अंगणात उभा राहिलेला माणूस, नरसाळ्यातले पाणी स्वतःच्या हाताने मापनपात्रात ओतलेला माणूस, अखेर यंत्राच्या बाजूने स्वतःविरुद्ध साक्ष देऊ लागला होता. शेल कोसळते तेव्हा निदान कळते तरी की काही बिघडले आहे. खरी हानी ते कोसळत नाही तेव्हा होते. ते शांतपणे भलता आकडा सांगते आणि भोवतालचे सगळे ‘आमच्याकडे बरोबर येतं’ म्हणतात. काकांना कोणी खोटे म्हटले नाही. फक्त त्यांचे म्हणणे कोणाच्या पडद्यावर उमटले नाही आणि तेवढ्यावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला.

‘पुन्हा करून दाखवा’ हे वाक्य टाळता येणार नाही हे मलाही मान्य आहे. शास्त्राची उभारणीच त्याच्यावर आहे. पण पुन्हा करणे म्हणजे तीच फाइल आपल्या घरी, आपल्या सवयीने चालवणे नव्हे. प्रत्येकाची सवय हा प्रयोगातला न लिहिलेला घटक असतो. माझी सवय मागचे सारे आठवणाऱ्या यंत्राची, गटाची सवय एकदाच वाचून पुढे जाण्याची, काकांची सवय मागे वळून पडताळण्याची. आम्ही तिघांनी तीन वेगळे प्रयोग केले होते आणि त्यांना एकच नाव दिले होते. त्यांतला सर्वांत काटेकोर प्रयोग ज्याचा, तोच चुकीचा ठरवला गेला होता, कारण काटेकोरपणाच दोषाला उघडा पाडत होता. कुलाब्याच्या केंद्राने आपल्या नरसाळ्यात पाहून ७३ लिहिले ते खरेच होते. सांताक्रूझबद्दल मात्र त्या नरसाळ्याला काही म्हणता येत नव्हते.

दुसऱ्याची तक्रार आपल्या यंत्रावर दिसत नाही तेव्हा आपल्याला समजते ते एवढेच, की आपण अजून त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो नाही. तो ‘यात काय सांगायचं’ म्हणून जे गाळतो ते पाहायला जावेच लागते; ते फाइलबरोबर पाठवता येत नाही.

पेन्सिलीच्या त्या रेघा खोडून टाका असे मी सुचवले. काकांनी नाही म्हटले. प्रयोगशाळेत नोंद खोडत नाहीत. त्यांनी दोन्ही ठिकाणी शाईने त्या दिवसाची तारीख घातली आणि शेजारी लिहिले: ‘मूळ वाचन बरोबर.’